सासूबाईंचा दुसरा गिअर

आमच्या कोलंबस शहरातल्या घरात एक जादा खोली आहे. तिच्यात माझं शिलाई मशीन, कापडांचे गठ्ठे आणि अर्धवट राहिलेल्या गोधड्या असतात. माझा नवरा लेलंड याला मात्र गेली दोन वर्षं त्या खोलीत त्याची आई दिसत होती. आई तिकडे बीचफोर्कला स्वतःच्या घरात ठणठणीत होती, पण लेलंडने मनातल्या मनात तिला केव्हाच आमच्याकडे आणून, खिडकीशी खुर्ची टाकून, पायांवर शाल पांघरून बसवलं होतं.

माझ्या सासूबाईंचं नाव व्हर्डा. आमचं भांडण कधीच नव्हतं. माणूस म्हणून त्या चांगल्या आहेत आणि दोन तासांच्या अंतरावरून तर फारच चांगल्या आहेत. मी एकदा त्यांचं उलथनं चुकीच्या खणात ठेवलं होतं, त्याचा विषय अजून दर नाताळच्या जेवणात निघतो. त्या आता रोज माझ्या शेगडीपाशी उभ्या राहणार, या कल्पनेनेच मला घाम फुटायचा. तेव्हा आधीच सांगून टाकते, या गोष्टीत मी कुणाची बाजू घेतली असेल तर ती माझ्या शिलाई मशीनची.

लेलंडला खुपत होती ती आईची गाडी. सासरे, म्हणजे हॉलिस, दोन वर्षांपूर्वी ऐन डिसेंबरात अंगणात लाकडं रचता रचता गेले. मागे घर राहिलं, कोठार राहिलं आणि कोठारात निळी नोव्हा राहिली, लेलंडपेक्षा वयाने मोठी. सासऱ्यांनी आयुष्यभर ती गाडी उघडली, जोडली, पुन्हा उघडली. लहानपणी लेलंड तिला ‘बाबांचा लाडका मुलगा’ म्हणायचा. मोठेपणीही तेच म्हणायचा, फक्त तेव्हा हसायचा नाही. गाडीची जुळणी करायचे सासरे, पण गावाबाहेरच्या शर्यतीच्या पट्टीवर ती पळवायच्या पहिल्यापासून सासूबाई, कारण सासऱ्यांना दिवा हिरवा होईपर्यंत धीर धरवत नसे. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता बाई थांबतील. वसंत आला आणि बाई हेल्मेट घालून रांगेत हजर.

आमच्याकडच्या या शर्यतीत सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही. हे मला कळायला लग्नानंतर बरीच वर्षं लागली आणि पटलेलं अजून नाही. पाव मैलाची सरळ पट्टी. आपली गाडी ती किती सेकंदांत पार करेल ते प्रत्येकाने आधीच बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचं. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात, जोरातली मागून धावते, आणि पलीकडची रेघ जो आधी ओलांडेल तो जिंकला. पण मेख अशी की लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे थापा मारायच्या नाहीत आणि कमीपणाही घ्यायचा नाही. आपण नेमके किती पाण्यात आहोत ते जाहीर करायचं आणि तेवढंच असायचं. माझ्या माहेरच्या एकाही माणसाला हे जमणार नाही.

सासूबाईंना जमत होतं. जेवणाच्या खोलीत चिनीमातीची भांडी ठेवायच्या कपाटात चषक आहेत आणि चिनीमातीची भांडी खोक्यात आहेत. पण सासरे गेले त्याच वर्षीच्या शरदात त्यांनी इंजिनात नवा कॅमशाफ्ट टाकला होता. त्यामुळे इंजिन चांगलं गरगर फिरलं की मगच त्याला ताकद यायची. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, त्याला ही बातमी कुणी दिलीच नाही. तो आपला जुन्या सवयीने, भाजी आणायला निघाल्यासारखा, लवकर लवकर गिअर बदलायचा. इंजिन रंगात येतंय तोच दुसरा गिअर पडायचा आणि गाडी मान टाकायची. कधी जास्त, कधी कमी. जी गाडी रोज वेगळी वागते तिच्या काचेवर आकडा काय लिहिणार? हाताने गिअर टाकावा तर सासूबाईंच्या अंगठ्याला संधिवात. एकदा प्रयत्न केला तेव्हा दांडा भलतीकडेच गेला आणि इंजिन असं किंचाळलं की तिकिटाच्या खिडकीतली बाई उठून बाहेर आली. दोन हंगाम सासूबाई पहिल्याच फेरीत हरून घरी येत होत्या.

यावरचा इलाज सासऱ्यांनी आणून ठेवला होता. गिअर पडायची वेळ पुढेमागे करायचे सुटे भाग कोठारातल्या बाकावर बिस्किटांच्या डब्यात होते, ते बसवायच्या आधी मालकच गेले. सासूबाईंनी लेलंडला किती विनवण्या केल्या. एका दुपारचं काम आहे, तुला येतं, लहानपणी बाबांच्या हाताखाली तूच करायचास. लेलंडचं उत्तर ठरलेलं. “आई, तुला आणखी जोरात पळवायला मी हातभार लावणार नाही.”

त्याची भीती खोटी नव्हती. वडील गेल्याचं त्याला शेजाऱ्याच्या फोनवरून कळलं होतं. आईचं तसं कळू नये एवढंच त्याला हवं होतं. पण माझ्या नवऱ्याचं प्रेम टोचण्या लावण्यातून बाहेर पडतं, त्याला तो तरी काय करणार. दर रविवारी संध्याकाळी फोन, दर फोनवर ती खोली, आणि दर वेळी खोलीचं वर्णन माझ्या देखत, जणू शिलाई मशीन भिंतीतून वाढलेलं झुडूप आहे आणि उपटून टाकलं की झालं.

सप्टेंबरात आम्ही मक्याची कणसं खायला बीचफोर्कला गेलो होतो, तेव्हा सासूबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, रोज रोज तेच ऐकून माझे कान किटले, आता एकदाच काय तो निकाल लावू. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या फेरीत हरले तर गाडी विकते आणि तुमच्याकडे राहायला येते. पण एक फेरी जरी जिंकले, तर त्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. लेलंडने तोंडातला घास गिळायच्या आधी हात पुढे केला. दोन वर्षांत एक फेरी न जिंकलेली बाई आता काय जिंकणार. मी आपली मूग गिळून बसले आणि घरी आल्यावर गोधड्या पलंगाखाली मावतील का ते पाहून ठेवलं.

ऑक्टोबरात शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही दुपारीच पोचलो. सासूबाई पट्टीवर सरावाची फेरी मारून आल्या होत्या. गाडी तेरा पूर्णांक चाळीस सेकंदांत पोचली होती आणि तोच आकडा काचेवर लिहून मोकळ्या झाल्या होत्या. रविवारी सराव नसतो, थेट फेऱ्या. लवकरच्या जेवणाला बसलो तेव्हा त्या लेलंडकडे बघतही नव्हत्या, माझ्याशी बोलत होत्या. पलीकडचा एल्बर्ट म्हणे सकाळी आला होता, हॉलिसच्या डब्यातल्या स्प्रिंगा बसवून देतो म्हणाला. त्याला हाकलून लावलं.

“अगं टॅमरा, हळू गेले तर निदान आशा तरी असते,” त्या म्हणाल्या. “समोरचा चुकतो, दिव्याआधी सुटतो. पण गाडी सुधारली आणि आकड्यापेक्षा लवकर पोचले, तर मीच माझ्या हाताने बाद. उद्या संध्याकाळपर्यंत माझ्या गाडीला कुणी हात लावायचा नाही.”

मग त्या पाव गुंडाळून चर्चमध्ये गेल्या. तिथे तळघरात दर वर्षी घेवड्याच्या सुपाचं जेवण असतं आणि वाढायला त्या असतात. जाताना म्हणाल्या, तुम्ही प्रवासाने दमलात, पडा जरा. त्यांची पाठ वळली आणि लेलंडने माझ्याकडे पाहिलं. लग्न इतकी वर्षं टिकलं की नवऱ्याच्या डोक्यात काय शिजतंय त्याचा वास येतो. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, बॅटरी फक्त धर.

आता एक सांगते. माझा नवरा विमा कंपनीत काम करतो. आमच्या वॉशिंग मशीनची जाळी साफ करायला तो माणूस बोलावतो. त्याने कोठारात पाऊल टाकलं आणि दिवा लावायच्या आधी त्याचा हात जॅककडे गेला. पाना शोधला नाही, बघितलाही नाही, हात थेट तिथे. गाडी उचलून टेकूंवर ठेवली, खाली सरकला, आणि गिअरबॉक्सच्या कडेच्या एका गोल झाकणाची तार ढिली केली. झाकण निघालं तसं लाल तेल त्याच्या पांढऱ्या बाहीत उतरलं. त्याने शिवी दिली, पण आनंदाने.

आतून जो पुर्जा निघाला त्याला गव्हर्नर म्हणतात. नाव राज्यपालाचं, आकार मक्याच्या अर्ध्या कणसाएवढा. त्याला चिमुकली वजनं आणि चिमुकल्या स्प्रिंगा. लेलंडने गाडीखालूनच मला सगळं समजावलं, मी विचारलेलं नसताना. गाडी पळाली की हा गरगरतो, वजनं बाहेर फेकली जातात, पुरेशी फेकली गेली की गिअर पडतो. वजनं हलकी केली आणि स्प्रिंगा कडक केल्या, तर त्यांना फेकायला जास्त वेग लागतो. म्हणजे गिअर उशिरा, इंजिन रंगात आल्यावर. गाडी लवकर पोचणार, आकडा मोडणार, आई बाद. दुसऱ्याची गाडी बिघडवून त्याला हरवणारे जगात खूप असतील, पण सुधारून हरवायचं हे आमच्याकडेच शक्य आहे.

डब्यात दोन जोड निघाले. लेलंडने एकेक स्प्रिंग कानाजवळ नेऊन बोटांनी दाबून पाहिली. एक जोड बसवला, झाकण लावलं, आणि पुन्हा काढला. म्हणाला, पहिल्यावरून दुसरा गिअर बरोबर पडेल पण तिसरा फार लांबेल. मग या जोडातली एक आणि त्या जोडातली एक, असं चालू झालं. माझा हात अवघडला. मी म्हटलं, अरे, आईला हरवायचंच आहे ना, मग बसव की कशीही. तो गाडीखालून बाहेर आला. कंपनीने पगारवाढ नाकारली तेव्हाही तो मला इतका दुखावलेला दिसला नव्हता.

“कशीही बसवून कसं चालेल? नीट सुधारली तरच ती हरेल.”

मग म्हणाला, एकदा फक्त बघून येतो. नोव्हाचा आवाज असा आहे की ती सुरू केली म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखं होतं. मी म्हटलं, ऐकतील. तो म्हणाला, तळघरात आहेत, भांड्यांचा खणखणाट आहे, कोण ऐकतंय. गेला, आला, पुन्हा गाडीखाली गेला, पुन्हा गेला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की मी बॅटरी विझवली. इतका देखणा नवरा मी लग्नाच्या फोटोत शेवटचा पाहिला होता. मला त्याचा रागही आला आणि पापा घ्यावासाही वाटला. त्या क्षणी आईचा काटा काढायला निघालाय हे तो विसरलाच होता. मी मात्र नव्हते विसरले, कारण खोली माझी जाणार होती.

सासूबाई परतल्या तेव्हा गाडी जागेवर होती आणि आम्ही दोघं सोफ्यावर, चर्चच्या बाकावर बसतात तसे. त्यांची नजर लेलंडच्या बाहीवरच्या लाल डागावर गेली. “बिटाचं लोणचं सांडलंस वाटतं,” म्हणाल्या आणि साबण काढून दिला. त्या घरात त्या दिवशी बिटाचं लोणचं उघडलंच नव्हतं. मी मनात म्हटलं, बिचारी म्हातारी, आता नजरही गेली.

रविवारी सकाळी रांगेत मी त्यांच्याजवळ गाडीत बसले होते. लेलंड कॉफी आणायला गेला होता. रात्री मला झोप लागली नव्हती. सासूबाई माझ्याकडे राहायला येणं मला नको होतं हे खरंच. पण त्यांना अशा रीतीने, त्यांच्याच घरात जेवून, त्यांच्याच बॅटरीच्या उजेडात आणणं माझ्या मनाला लागलं होतं. नवऱ्याची चुगली करावी की नाही? शेवटी मी मधला रस्ता काढला. म्हटलं, आई, आज थंडी आहे, गाडी थंडीत चांगली पळते म्हणतात, काचेवरचा आकडा थोडा कमी करा.

त्यांनी हातमोजा चढवला. “का गं? काही ऐकलंस का?”

“नाही.”

“मग राहू दे.”

झालं. चुगली करायचं पापही लागलं नाही आणि पुण्यही मिळालं नाही. मी उतरले आणि कुंपणापाशी लेलंडशेजारी जाऊन उभी राहिले.

पहिल्या फेरीला त्यांच्यासमोर प्रूइट आला. प्रूइट पलीकडच्या काउंटीतला, छपरांचं काम करतो, मस्टँग गाडी पळवतो, आणि या पट्टीवर त्याला फसवणं अवघड. त्याची गाडी पुष्कळ जोरात, म्हणून सासूबाईंना आधी सोडणार होते. दिव्यांचा खांब लागला, त्यांचा हिरवा झाला, आणि निळी नोव्हा सुटली.

लेलंडने माझं मनगट धरलं. पहिला गिअर चालूच राहिला. इंजिनाचा आवाज चढत गेला, नेहमी जिथे गाडी मान टाकायची ती जागा मागे पडली, आवाज आणखी चढला, आणि तेव्हा कुठे दुसरा गिअर पडला. टायर किंचित किंचाळले. “ऐकलंस?” लेलंड म्हणाला. “कसा पडला ऐकलंस?” मी त्याच्याकडे पाहिलं. आई हरणार याचा आनंद म्हणावा तर तो तसला नव्हता. तिसरा गिअर पडला तेव्हा त्याने स्वतःशीच मान हलवली, गवई समेवर येतो तेव्हा ऐकणारा हलवतो तशी.

मागून प्रूइट सुटला. पण अंतर जितकं कमी व्हायला हवं तितकं होईना. प्रूइट काही आजचा नाही. म्हातारी एवढी पुढे आहे म्हणजे आपल्या आकड्याच्या पुढे पळतेय, बाद होणार, हे त्याला दिसलं. मग त्याने शहाण्या माणसाने करावं तेच केलं. स्वतःचा आकडा मोडू नये म्हणून शेवटच्या तुकड्यात ब्रेक दाबला आणि तिला जाऊ दिलं. मस्टँगचं नाक खाली वाकलेलं आम्हाला कुंपणापासून दिसलं.

ते सासूबाईंनाही दिसलं असणार. कारण त्यानंतर नोव्हाचं नाक त्याहून खाली वाकलं. त्यांनी ब्रेकवर उभंच राहावं तसा तो दाबला. दोन गाड्या, एवढ्या ताकदीच्या, रेघेजवळ येऊन तू आधी, तू आधी करत असल्यासारख्या सरपटत गेल्या, आणि नोव्हाने बंपरभर अंतराने आधी रेघ ओलांडली. सगळे वेळ दाखवणाऱ्या फळ्याकडे बघत होते. तेरा एकेचाळीस. लिहिलेल्या आकड्यापेक्षा सेकंदाचा शंभरावा भाग उशिरा. जिंकल्याचा दिवा सासूबाईंच्या बाजूला लागला.

लेलंडने माझं मनगट सोडलं. मला वाटलं चिडेल. तो फळ्यावरचा आकडा पुन्हा वाचत होता. आणि माझ्या डोक्यात तेव्हा बिटाचं लोणचं आलं, आणि मग एकामागून एक बाकीचंही.

आम्ही गाड्या लावतात तिथे पोचलो तेव्हा प्रूइट आधीच येऊन तक्रार करत होता. मला वाटलं तुम्ही बाद होणार, असं काहीतरी. सासूबाई म्हणाल्या, वाटावं म्हणूनच तर एवढी पुढे गेले. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि गेला. मग त्या लेलंडकडे वळल्या.

“तू ब्रेक मारलास,” लेलंड म्हणाला.

“मारला. आकड्याच्या वर हातात थोडी वेगाची शिल्लक असली की रेघेपाशी खेळता येतं. ती शिल्लक तू दिलीस.”

“एल्बर्टने सांगितलं तुला?”

“एल्बर्ट वसंतापासून फ्लोरिडात आहे.”

मी हसले. मला आवरलंच नाही. चोरावर मोर म्हणतात तो असा, संधिवाताचा अंगठा चोळत, दुमडत्या खुर्चीवर बसलेला. लेलंडचे कान लाल झाले होते. त्याच्या लक्षात हळूहळू येत होतं की पैज आईने लावली, स्प्रिंगांची आठवण आईने करून दिली, हात लावू नका असं आईने बजावलं, आणि घर मोकळंही आईनेच करून दिलं.

“दोन वर्षं तुला प्रेमाने सांगितलं,” सासूबाई म्हणाल्या. “प्रेमाने तू करेनास. मग म्हटलं, वैराने तरी करेल.”

“आणि मी नसतीच केली तर?”

“तर हरले असते आणि टॅमराच्या शिलाई मशीनशेजारी झोपले असते. तिला विचार, माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरली होती.”

यावर मी दुसरीकडे पाहिलं.

लेलंड म्हणाला, पण मी करणार हे तुला कळलं कधी? सासूबाई एरवी उत्तर तयार ठेवूनच प्रश्नाची वाट बघणाऱ्या बाई आहेत, पण या वेळी त्यांनी आधी हेल्मेट मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, काल तळघरात सूप वाढत होते. वरून गाडी गेली. भांडी खणखणत होती तरी ऐकू आलं. पहिला गिअर लांबला, लांबला, आणि नेमका जिथे पडायला हवा तिथे पडला. हातातला डाव तसाच राहिला. रांगेतल्या बाईने विचारलं, व्हर्डा, काय झालं?

“मी म्हटलं, काही नाही. माझा मुलगा घरी आलाय.”

लेलंडने कालच्याच शर्टाची बाही वर दुमडली, डाग झाकायला. मग असंच काहीतरी विचारायचं म्हणून विचारल्यासारखं म्हणाला, बाबांनी दोन जोड कशाला आणले होते? दोन्ही मिसळावे लागले. एकट्या जोडाने जमलं नसतं.

“ते त्यांनाही माहीत होतं,” सासूबाई म्हणाल्या. “कुठली स्प्रिंग कुठे, ते तुझा कान जास्त बरोबर सांगतो म्हणायचे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू येशील, मग दोघं मिळून बसवू, म्हणून डबा उघडला नाही त्यांनी. तू आलास, जेवलास, आणि रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत निघालास. ते म्हणाले, असू दे, नाताळला बसवू.”

हे त्या आवाज न चढवता बोलल्या. टोमणा म्हणून बोलल्या असत्या तर लेलंडने उलट उत्तर दिलं असतं आणि सगळं सोपं झालं असतं. त्या थँक्सगिव्हिंगला लवकर निघायची घाई मीही केली होती, मला आठवतंय. 

तेवढ्यात भोंग्यावरून हाक आली, पहिली फेरी जिंकलेल्यांनी दुसरीसाठी रांगेत या. सासूबाई उठल्या. ओल्या फडक्याने काचेवरचा आकडा पुसला आणि पॉलिशची बाटली लेलंडच्या हातात दिली. म्हणाल्या, आता खरा आकडा लिही. मला नाही माहीत, गाडीची जुळणी तू केली आहेस.

तो विचारात पडला. काल कशी पळाली, आज हवा काय आहे, असं स्वतःशी पुटपुटत त्याने तेरा वीस लिहिलं. मग अंगठ्याने कडा नीट केल्या. सासूबाईंनी आकडा पाहिला, त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. हेल्मेट घातलं आणि गेल्या.

या वेळी त्यांनी ब्रेक दाबला नाही. रेघेपलीकडे जाईपर्यंत पाय अॅक्सिलरेटरवर ठेवला. फळ्यावर आकडा आला तेव्हा तो तेराच्याही खाली होता. लिहिलेल्यापेक्षा कितीतरी लवकर. बाद.

आपण केलेलं काम किती चांगलं झालंय याचा माझ्या नवऱ्याला पत्ताच नव्हता. तो कुंपणाची जाळी धरून हसत सुटला, आणि हसता हसता कधी रडायला लागला ते त्याला कळलं नसावं. वडिलांच्या दफनाच्या दिवशी या माणसाने सगळ्यांना कॉफी वाटली होती, टिपूस काढलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खोली वाचली होती, शिलाई मशीन वाचलं होतं, आणि यापुढे शनिवारी हा घरी नसणार हेही मला दिसत होतं. पलीकडून निळी नोव्हा हळूहळू परत येत होती, खिडकीतून एक हातमोजा हलत होता.

“बाबांनी बरोबर आकडा लिहिला असता,” लेलंड म्हणाला.